बाल्कनीतली वसाबी

सुशीबरोबर खायच्या त्या तिखट हिरव्या लगद्याच्या, म्हणजे वसाबीच्या, सुपरमार्केटमधल्या ट्यूबमध्ये खऱ्या वसाबीचं रोप किती आहे, हे जपानमध्ये तिच्यावरच्या छपाईवरून ओळखता येतं. ‘होन-वसाबी शियो’ लिहिलं असेल तर निम्मी किंवा त्याहून जास्त, ‘होन-वसाबी इरी’ असेल तर निम्म्याहून कमी. उरलेलं काम हॉर्सरॅडिश करतो. हा युरोपातला पांढरा, तिखट मुळा. लावायला सोपा, वाढायला दांडगा, वर स्वस्त. त्यात हिरवा रंग मिसळला की भागतं. भारतातल्या हॉटेलात सुशीच्या ताटलीत कोपऱ्याला जी हिरवी गोळी येते, ती बहुतेक वेळा हीच.

हे सगळं मला इझूला जाऊन कळलं. आम्ही योकोहामात राहतो. तिथून इझूचं द्वीपकल्प फार लांब नाही, आणि जपानची उत्तमातली उत्तम वसाबी त्याच डोंगरात पिकते. शुझेन्जी स्टेशनवर उतरून अमागीच्या दिशेने बस पकडली की थोड्याच वेळात दरीच्या उतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या दिसायला लागतात. लांबून भाताची खाचरंच वाटतात. जवळ गेलं की कळतं, इथे चिखल नाहीच. वर वाळू, तिच्यावरून बोटभर पाणी सारखं वाहतंय आणि त्यात ओळीने हिरवी पानं उभी आहेत. पान विड्याच्या पानासारखं, फक्त जास्त गोल आणि कडांना कातरलेलं.

तिथे एका शेतकऱ्याची टपरी होती. त्याने गरम भातावर कात्सुओबुशीचा, म्हणजे धुरावून सुकवलेल्या मासळीचा, भुगा घातला, मधोमध ताजी किसलेली वसाबी ठेवली, वरून सोया सॉसचे चार थेंब टाकले आणि वाटी पुढे केली. ट्यूबची सवय असलेल्या जिभेला पहिला धक्का बसला तो गोडीचा. आधी गोड लागते, मग हिरवा, ओला वास येतो, मग नाकात झणका, आणि डोळ्यांत पाणी यायच्या आत तो उतरलेलाही असतो. मिरचीसारखं मागे काही रेंगाळत नाही.

टपरीवर काळ्या प्लास्टिकच्या छोट्या कुंड्यांत रोपंही होती. माझा हात तिकडे गेलेला बघून शेतकऱ्याने विचारलं, “कुठे राहता?” योकोहामा म्हटल्यावर तो हसला. “मग उन्हाळ्यात तिला सुट्टीवर पाठवा,” म्हणाला. रोप घेतलंच. काही शे येनचं तर होतं.

त्याच्याशी अर्धा तास बोलणं झालं आणि त्या अर्ध्या तासावर मी अजून बागकाम करते आहे. वसाबीला लागतं काय, हे शेताच्या रचनेतच लिहिलेलं आहे. इझूच्या पद्धतीला ‘तातामी-इशी’ म्हणतात. तळाला मोठे धोंडे, त्यावर लहान दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर वाळूचा थर. पाणी वरून वाहतं आणि झिरपत झिरपत खालीही जातं. त्यातून गाळ अडतो, मुळांना प्राणवायू मिळतो आणि तापमान धरून राहतं. झऱ्याचं पाणी बारा-तेरा अंशांच्या आसपास, ते उन्हाळ्यातही फारसं तापत नाही. ही रचना मेइजी काळातली, १८९२ च्या सुमाराची. लागवड मात्र त्याहून जुनी. शिझुओकाजवळच्या उतोगी गावात साधारण चारशे वर्षांपूर्वी डोंगरातली रानटी वसाबी आणून झऱ्यात लावली. तिथून १७४४ मध्ये अमागीच्या एका माणसाने रोपं आणली. तो उतोगीला गेला होता शिताके आळंबी कशी वाढवायची हे शिकवायला, आणि येताना वसाबी घेऊन आला. जपानचा शोगुन तोकुगावा इएयासू याला ही वसाबी आवडायची असं सांगतात. शिवाय तिचं पान त्याच्या घराण्याच्या मुद्रेतल्या पानाशी जुळतं, त्यामुळे तिचा भाव आणखी वधारला असणार. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने शिझुओकाच्या या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात जागा दिली.

शेतात अधूनमधून झाडंही दिसली. ती अल्डरची. उन्हाळ्यात सावली देतात आणि थंडीत पानं गाळून ऊन आत सोडतात. कुणी तरी अगदी विचार करून लावल्यासारखी. आणि खरंच विचार करूनच लावलेली.

मग मी त्याला मुद्द्याचं विचारलं. झऱ्यातच लावायला हवी का? नाही. जपानमध्ये वसाबी पाण्यात लावतात तशी मातीतही लावतात, रोप तेच. पण मातीतल्या वसाबीचा गड्डा, म्हणजे किसून खायचा भाग, लहान राहतो. कारण ऐकून मी चाट पडले. वसाबीच्या मुळांतून जे तिखट द्रव्य बाहेर पडतं ते आजूबाजूच्या बाकीच्या वनस्पतींची वाढ तर रोखतंच, पण स्वतः तिलाही बाधतं. वाहत्या पाण्यात ते धुऊन जातं म्हणून गड्डा फोफावतो. मातीत साचून राहतं, आणि रोप स्वतःच्याच तिखटाने खुरटतं. “घरी लावणार असाल तर पानांसाठी लावा,” तो म्हणाला. “गड्डा मिळाला तर बोनस.”

ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली की बाकीचं सोपं होतं. म्हणजे सोपं नाही, पण निराशा होत नाही. ताजा गड्डा हवा असेल तर विकत घ्यावा. बऱ्यापैकी गड्डा हजार येनच्या वर जातो, तरी दोन वर्षं कुंडी सांभाळण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो. पान, देठ आणि फुलं मात्र दुकानात क्वचित आणि थोडेच दिवस मिळतात. कुंडीचा खरा फायदा तिथे आहे.

आमची बाल्कनी उत्तरेकडची. टोमॅटो, मिरचीला कुचकामी, धुणं वाळायला त्याहून कुचकामी. वसाबीला मात्र तीच हवी. थेट ऊन नकोच, उजेड भरपूर. आठ ते वीस अंशांत ती खूष असते. पंचवीसच्या वर मलूल व्हायला लागते, अठ्ठावीस-तीसला पानं टाकते. थंडीचा तिला फारसा त्रास नाही. पाचच्या खाली वाढ थांबते, पण मरत नाही. नुसतं बर्फ पडलं तर काही होत नाही, माती गोठली तर होतं.

रोप घ्यायची वेळ शरद ऋतूची किंवा वसंताच्या सुरुवातीची. मे महिन्यात होम सेंटरमध्ये सवलतीत मिळालं तरी घेऊ नये. मुळं धरायच्या आतच उकाडा गाठतो. बियांच्या नादी तर लागूच नये. वसाबीचं बी वाळलं की मेलं. ते ओलसर थंडीत ठेवावं लागतं आणि उगवायला महिने घेतं. शेतकरी फुटव्यांवरून रोपं करतात, नाही तर ऊतिसंवर्धनाची आणतात. वाणही बरेच आहेत. माझुमा हा सगळ्यात नावाजलेला, देठ जांभळट, वाढ अगदी संथ आणि किंमत चढी. दारुमा त्यापेक्षा सोशिक. मी दारुमा घेतला. देठ हिरवेगार.

कुंडी खापराची घेतली, झिलई नसलेली, खोल. मातीत माती जवळजवळ नाहीच. तळाला सुपारीएवढे प्युमिस दगड, म्हणजे ज्वालामुखीचे हलके, सच्छिद्र दगड, त्यावर बारीक प्युमिस, मग अकादामा आणि कानुमा. या दोन्ही जपानी बागकामातल्या दाणेदार, भुसभुशीत ज्वालामुखी माती. वर नदीची जाड वाळू. थोडक्यात तातामी-इशीचीच कुंडीतली आवृत्ती. कंपोस्ट मूठभर. जास्त खत घातलं तर पानं पसरतात, लुसलुशीत होतात आणि मावा त्यांच्यावर तुटून पडतो. रोप लावताना मधला कोंब वाळूच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर बुडखा सडायला वेळ लागत नाही. पाणी रोज, तळातून वाहून जाईपर्यंत. खाली ताटली ठेवायची नाही. झऱ्यातलं झाड म्हणून कुंडी पाण्यात बुडवून ठेवावी असं कुणालाही वाटेल, पण तिला ओल हवी, डबकं नको. वाहतं पाणी आणि साचलेलं पाणी यात तिच्या लेखी जगण्यामरण्याचा फरक आहे.

हिवाळा निवांत गेला. फेब्रुवारीच्या शेवटी मधून एक तुरा वर आला आणि टोकाला पांढरी फुलं फुटली. चार पाकळ्या, अधिक-चिन्हासारख्या मांडलेल्या. मोहरीच्या शेतात पिवळ्या रंगात दिसतात तीच मांडणी. घराणंच ते. मोहरी, मुळा, कोबी, सगळे एकाच गोतातले. कळ्यांचे तुरे खुडून खाल्ले तर रोपाची ताकद बियांत न जाता खाली राहते. खायलाही छान लागतात, म्हणून खुडण्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

पण हे गोत कळतं ते फक्त मला नाही. मार्चच्या शेवटी ऊन जरा तापलं आणि तिसऱ्या मजल्यावर पांढरी फुलपाखरं यायला लागली. कोबीवर येतात तीच, पंखांवर काळा ठिपका. खाली रस्त्यापलीकडे कुणाच्या परसात कोबी असेल, तो सोडून ही उडत वर कशी येतात याचं मला नवल वाटायचं. त्यांना मोहरीकुळातलं तिखटपण बनवणारं द्रव्य पायांनी चाखता येतं. म्हणजे खाणाऱ्यांना पळवून लावायला झाडाने जे बनवलं, त्याचाच या बाईसाहेबांना पत्ता म्हणून उपयोग. अंडी पानाच्या मागे, एकेक, सुईच्या टोकाएवढी, पिवळसर, उभी. रोज सकाळी पानं उलटून अंगठ्याने पुसायची. एखादं राहिलं तर चार-पाच दिवसांत पानाला भोकं आणि देठावर हिरव्या लेंड्या. अळी देठाच्या रंगाची, देठाच्या रेषेत पडून राहते. नजर बसेपर्यंत दिसतच नाही. शेवटी डास अडवायची जाळी आणून कुंडीवर घातली. पानं खायचीच असल्यामुळे फवारणी करावीशी वाटली नाही. गोगलगाईंचा त्रास खालच्या मजल्यावाल्यांना, आम्हाला नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. जपानचा त्सुयु म्हणजे आपल्या पावसासारखा कोसळत नाही, नुसता भिजवत राहतो. हवा दमट, कोंदट, वारा नाही. अशा हवेत वसाबीला सड लागते. देठ बुडाशी पारदर्शक, मऊ होतो, ओढला तर हातात येतो आणि वास घाण. असा देठ दिसला की लगेच काढून टाकायचा आणि बाहेरची जुनी पानंही कमी करायची, म्हणजे बुडख्याशी वारा खेळतो. शेतावर गड्ड्याच्या आत काळ्या रेघा पाडणारा बुरशीचा रोगही असतो. गड्डा कापल्यावर आत शाईच्या शिरा दिसतात, शेतकऱ्याला त्याचीच धास्ती. माझ्याकडे तो आला नाही.

आणि मग जुलै.

योकोहामाचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला वाटेल, जपान म्हणजे थंड देश. पस्तीस अंश, वर समुद्राचा दमटपणा, आणि रात्री पारा पंचवीसच्या खाली उतरत नाही. दिवसा सावलीत धरलं तरी रात्रीचं काय? वसाबी दिवसाचा ताप कसाबसा सोसते, पण रात्री गार झालं नाही तर खचते. नळाचं पाणीच ऑगस्टमध्ये कोमट येतं.

मी आधी माठाची युक्ती केली. खापराची कुंडी मोठ्या खापराच्या कुंडीत ठेवली, मधल्या फटीत वाळू भरली आणि ती ओली ठेवली. पाणी बाहेरच्या अंगाने उडून जाईल, आतली मुळं गार राहतील. जपानमध्ये या दुहेरी कुंडीचा वापर उंच डोंगरातल्या रोपांसाठी करतातच. पण माठ विदर्भात जितका गार होतो तितका कोकणात होत नाही, हे चिपळूणला वाढलेल्या मला सांगायला नको. हवाच ओली असेल तर पाणी उडणार कसं? मातीत खोचलेल्या थर्मामीटरवर दोन-तीन अंशांचा फरक पडला. तोही कामाचा, पण पुरेसा नाही.

त्यावर शेडनेट लावलं, दोन पदरी. बाल्कनीची फरशी तापते म्हणून कुंडी लाकडी पाटावर उचलून ठेवली. एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा नेमकी त्या कोपऱ्यात येत होती, तिला पत्र्याचा आडोसा केला. पाणी आदल्या रात्री बाटलीत भरून फ्रिजमध्ये, सकाळी उन्हं यायच्या आत कुंडीत. तेही एकदम गारढोण नाही, थोडं बाहेर काढून. अगदी वाईट दिवसांत कुंडी आत आणली. दिवसा एसीच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी, रात्री पुढच्या दाराजवळ. तिथे जोडे काढायची जागा फरशीची असते आणि घरातली सगळ्यात गार तीच. नवरा ऑफिसातून आला की आधी वसाबीला वळसा घालायचा आणि मग बूट काढायचा. “हिच्यापेक्षा कुत्रा पाळला असता,” असं एकदा म्हणाला. कुत्र्याला इतकं लागत नाही, हे मलाही मान्य होतं.

एवढं करूनही पानं पिवळी पडून गळलीच. हे होतंच, घाबरायचं नाही. उन्हाळ्यात वसाबी निम्मी झोपते. मधला कोंब घट्ट, हिरवा असेल तर जीव आहे. या काळात खत अजिबात घालायचं नाही. अमागीच्या शेतकऱ्याने सांगितलेलं वाक्य आठवायचं: झोपलेल्याला जेवायला वाढू नका.

जपानीत म्हण आहे की ऊन असो की थंडी, ‘हिगान’पर्यंतच. हिगान म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या सुमाराचा आठवडा, पूर्वजांच्या थडग्यांवर जायचा. शरदातला हिगान आपल्या पितृपक्षाच्या आगेमागेच येतो, दोन्हीकडे पितरांचीच आठवण. आणि खरोखर, एका रात्री खिडकी उघडून झोपता आलं, त्यानंतरच्या आठवड्यात कोंबातून गुंडाळलेली, चमकदार, नखाएवढी पानं बाहेर आली. ऑक्टोबरअखेर कुंडी पुन्हा भरली. वसाबीचा खरा वाढीचा हंगाम हाच, थंडी पडेपर्यंतचा. या वेळी पातळ खत पंधरवड्याने एकदा द्यायचं.

आता खाण्याचं. पानं आणि देठ मुरवायची जपानी रीत आहे, ‘शोयु-झुके’. शेजारच्या आजींनी ती शिकवली. पानं-देठ धुऊन बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करायचे. मीठ लावून चांगलं चोळायचं, पानं मरगळून गडद हिरवी होईपर्यंत. मग गरम पाणी ओतायचं, पण उकळतं नाही. उकळी आलेलं पाणी उतरवून थोडं थांबायचं, सत्तर-ऐंशी अंशांवर आलं की ओतायचं. लगेच निथळून, कोमट असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचं आणि बरणी खळखळा हलवायची. काही वेळ झाकण उघडायचं नाही. मग सोया सॉस, थोडं मिरिन (तांदळाची गोडसर स्वयंपाकाची वाइन), चिमूटभर साखर.

हे करताना आई व्हिडिओ कॉलवर होती. आजी जपानीत सांगतायत, मी मराठीत आईला सांगतेय. झाकण लावून बरणी हलवायचं सांगितलं तशी आई म्हणाली, “अगं, म्हणजे मोहरी फेसतो तसंच की. फेसली की झाकून ठेवायची, वारं लागलं की उतरते.”

बरोबर तेच आहे. आमच्याकडे मे महिन्यात रायवळ आंब्यांचं रायतं होतं, त्याला मोहरी गार पाण्यात फेसून लावतात. फेसताना पाट्याजवळ बसलेल्याच्या नाकात जो झणका येतो तो आणि वसाबीचा झणका रसायनाने एकच: अलिल आयसोथायोसायनेट. झाडात ते तयार स्थितीत नसतं. सिनिग्रिन नावाचं द्रव्य एका कप्प्यात, मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. चिरलं, चोळलं, किसलं, दळलं की कप्पे फुटतात, दोन्ही भेटतात आणि तिखट तयार होतं. जास्त गरम झालं तर विकरच मरतं. म्हणून मोहरी गार पाण्यात फेसायची. म्हणूनच फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, तिखट नाही. आणि म्हणूनच आजींनी उकळतं पाणी ओतू दिलं नाही. हे द्रव्य उडून जाणारं, त्यामुळे जिभेपेक्षा नाकात जास्त जाणवतं. झाकण नसेल तर तासाभरात गेलं. नाकातला हा झणका झोपलेल्या माणसालाही उठवतो. ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी वसाबीच्या वासाचा आगीचा इशारा तयार करणाऱ्या जपानी संशोधकांना २०११ मध्ये इग-नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं होतं. आईला ते सांगितल्यावर म्हणाली, “तुला शाळेसाठी उठवायला मोहरी फेसायला हवी होती.”

दुसऱ्या दिवशी बरणी उघडली. मुलीने वाकून वास घेतला आणि तशीच मागे सरून गॅलरीत पळाली. गरम भात, वर ते तुकडे, बाजूला साधं वरण. देठ कुरकुरीत, पान किंचित कडसर, मध्येच झणका. बारीक चिरलेले देठ घट्ट दह्यात कालवले तर कोशिंबीर उत्तम होते, साखर-मीठ एवढंच, फोडणी द्यायची नाही. पानांची बेसनात भजीही केली. तळल्यावर तिखटपणा साफ जातो, पालकाच्या भज्यांपेक्षा जरा कडू एवढंच उरतं. इतक्या कष्टाने उन्हाळ्यातून काढलेलं पान भज्यात घालू नये, असं माझं मत. घरात ते अल्पमतात आहे.

दुसरा उन्हाळा पहिल्यासारखाच गेला, फक्त आम्ही सरावलो होतो. त्यानंतरच्या थंडीत गड्डा बघायचं ठरवलं. कुंडी आडवी करून सगळं मिश्रण बाहेर ओतलं. मुळं पांढरी, दाट, प्युमिसच्या प्रत्येक खड्याला कवटाळलेली. मधला गड्डा माझ्या अंगठ्याएवढा. मूळ नव्हे, खोडच ते. जिथून पानं गळली तिथे चढत्या क्रमाने वण. भोवती छोटे छोटे फुटवे. अमागीच्या शेतातला गड्डा याच्या दुप्पट-तिप्पट लांब आणि जाड असतो.

किसण्याचा सोहळा मात्र साग्रसंगीत केला. इझूहून मुशीच्या (शार्क माशाच्या) कातडीची किसणी आणली होती. लाकडी फळीवर खरखरीत कातडं चिकटवलेलं असतं, धातूच्या किसणीपेक्षा दाते कितीतरी बारीक. जितकं बारीक तितके कप्पे जास्त फुटतात, तितकं तिखट खुलतं. देठांची बुडं चाकूने तासली, सालीवरचे काळपट वण खरवडले, आणि पानाकडच्या टोकाने सुरुवात केली. ताजी वाढ तिकडची, वासही तिकडेच जास्त. दाबायचं नाही. गोल गोल, हळू, हलक्या हाताने. वसाबी हसत हसत किसावी असं इथे म्हणतात, रागावलेला माणूस जोर लावतो. हिरवट, चिकट लगदा जमतो. तो चाकूच्या पाठीने एकत्र करून दोन-तीन मिनिटं ठेवायचा, मग खायचा. पाचेक मिनिटं ती ऐन भरात असते, पंधरा मिनिटांनी निम्मी उतरते. त्यामुळे पाहुण्यांना आधी बसवायचं आणि मग किसायचं. सोया सॉसमध्ये कालवायची नाही. घासावर ठेवायची.

अंगठ्याएवढ्या गड्ड्यातून चौघांना दोनदा पुरेल इतकी निघाली. उरलेला तुकडा ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला, आठवडाभर टिकला. चव? गोडी अमागीपेक्षा कमी, झणका बरोबरीचा. आजींनी घासावर ठेवून चाखली, डोळे मिटले आणि भुवया उंचावल्या. चांगलं की वाईट, हे त्यांच्याकडून शब्दांत कधीच निघत नाही, पण दुसऱ्यांदा मागून घेतली.

पुण्याची मैत्रीण विचारते की तिच्याकडे होईल का. पुण्याच्या बाल्कनीत नको. डिसेंबर-जानेवारी छान जातील, मार्चमध्ये रडायची वेळ येईल. चोवीस तास एसीची खोली आणि दिवे लावून कुणी करेलही, पण ते बागकाम नव्हे, अतिदक्षता विभाग. झणकाच हवा असेल तर वाटीभर मोहरी फेसावी, गोत एकच आहे. आईनेही एक रोप मागितलं होतं. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय परदेशातून रोप भारतात नेता येत नाही, हे सांगितल्यावर तिने मागणी बदलली. आता तिला ती किसणी हवी आहे, जायफळासाठी.

फुटवे वेगळे करताना प्रत्येकाला दोन-चार मुळं आणि एक कोंब राहील असं हाताने मोडून घेतले. सुरी लावली तर जखम मोठी होते, सड शिरते. जुनं मिश्रण पुन्हा वसाबीला वापरायचं नाही, त्यात दोन वर्षांचं तिखट मुरलेलं असतं. ते जिन्यातल्या दुसऱ्या कुंड्यांना गेलं. नव्या प्युमिसमध्ये सगळे फुटवे लावले, काही आमच्याकडे ठेवले आणि दोन आजींना दिले. त्यांच्या बहिणीचं घर हाकोनेच्या डोंगरात आहे, तिथे ऑगस्टमध्येही रात्री अंगावर पांघरूण लागतं. फुटवे तिथे जगले, तर पुढच्या जुलैत आमच्याही कुंड्या गाडीत घालून तिकडे पोचवायच्या आणि हिगानला परत आणायच्या, असं ठरलंय. भाडं म्हणून शोयु-झुकेची एक बरणी.